फायटरची शेपटी का झिजते?

हल्ली आपल्याकडे बऱ्याच घरांत टीव्हीशेजारी काचेचे एक भांडे दिसते आणि त्यात एकटाच फिरणारा निळा किंवा लाल मासा. दुकानदार त्याला फायटर म्हणतात, पुस्तकातले नाव बेटा. मुलांच्या हट्टापायी आलेला हा पाहुणा दोन-तीन महिन्यांत झुपकेदार शेपटीऐवजी चिंध्या घेऊन फिरू लागतो. दुकानात विचारावे, तर निळ्या औषधाची बाटली हातात पडते. पाणी शाईसारखे होते, शेपटी मात्र कमीच होत जाते. बाटली उघडण्यापूर्वी चार दिवस माशाकडे नीट पाहावे, असे माझे म्हणणे आहे. पर कोणत्या आकारात फाटला आणि किती दिवसांत, या दोन गोष्टींवरून बहुतेक वेळा कारण सापडते.

हा मासा मूळचा थायलंडचा, तिथल्या भातशेतांतल्या आणि डबक्यांतल्या उथळ, कोमट पाण्यातला. थाई भाषेत त्याला ‘प्ला कात’, म्हणजे चावणारा मासा म्हणतात. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. रानातल्या बेटाचे पर मात्र आखूड असतात. हा लांबलचक घोळ माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून वाढवला आहे. त्यामुळे दुकानातला नर जन्मभर भरजरी शालू नेसून पोहत असतो म्हणा ना! असे पर अडकणार, फाटणार, हे ओघानेच आले.

परात एकच सरळ चीर पडली असेल, ती अचानक दिसली असेल आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच असेल, तर पर कुठेतरी अडकला आहे. संशयित बहुधा प्लॅस्टिकचे झाड. जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा त्या झाडावरून फिरवून पाहावा. धागा ओढला गेला, तर परही ओढला जाणार. झाड काढावे, पाणी स्वच्छ ठेवावे, चीर आपोआप भरते.

रात्रीत शेपटीचा अर्धगोल लचका गेलेला दिसला आणि भांड्यात दुसरा मासा नसेल, तर चोर घरातलाच. जड शेपटीचे नर स्वतःचीच शेपटी चावतात. फिल्टरचा जोराचा प्रवाह, काचेत दिवसभर दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब, अपुरी जागा, कुठलाही ताण त्याला पुरतो. दुसरे मासे असतील, तर आधी त्यांच्यावर नजर ठेवावी. टायगर बार्ब तर या खोडीसाठी प्रसिद्धच आहे.

तिसरा प्रकार खरा काळजीचा, पर कुजण्याचा. यात कडा काळसर, लालसर किंवा पांढुरकी होते, दातेरी दिसते आणि रोज थोडी थोडी आत सरकते. हे जिवाणूंचे काम. पण हे जिवाणू पाण्यात एरवीही असतातच. धडधाकट माशाला ते सहसा काही करत नाहीत, माशाची ताकद कमी झाली की फावते.

आमच्या गल्लीत एका घरी जानेवारीत हेच घडले. पाचवीतल्या मुलाने मला बोलावले, “सर, याला औषध कुठलं देऊ?” मी त्याला रोज सकाळी वहीत शेपटीचा आकार काढायला सांगितले. पहिल्या चित्रात एकच सरळ चीर होती. चौथ्या दिवशी चिरेची कडा काळी आणि आठव्या दिवशी सगळी शेपटी दातेरी. चीर पडली प्लॅस्टिकच्या झाडाने, ती भरली नाही याचे कारण वेगळे. मुलाच्या कन्नड आजीने आल्या आल्याच मला सांगून टाकले होते, “नीरु सरी इल्ल.” अज्जींचे बरोबर होते. भांडे तीन लिटरचे, खिडकीत ठेवलेले. थर्मामीटर बुडवला, तर सकाळी पाणी 18 अंश! बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर, थंडीत रात्रीचा पारा 15 च्या आसपास उतरतो आणि या माशाला हवे 24 ते 28 अंश. गार पाण्यात त्याची प्रतिकारशक्ती मंदावते, जखम भरत नाही.

दुसरा घोटाळा स्वच्छतेचाच होता. दर रविवारी सगळे पाणी फेकून, खडे घासून, थेट नळाखाली भांडे भरले जायचे. माशाच्या शरीरातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे उपयोगी जिवाणू खड्यांवर आणि फिल्टरमध्ये राहतात, आणि ते वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. रविवारच्या घासण्यात ते धुऊन जात, वर नळाचे क्लोरीन. अमोनिया तपासणीचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे राहायला हवे होते, ते हिरवे झाले.

उपाय साधे निघाले. पंधरा लिटरची टाकी, छोटा हीटर, संथ चालणारा स्पंज फिल्टर. नवीन टाकीतही जिवाणू रुजेपर्यंत रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचे, तेही बादलीत उघडे ठेवून दिवसभर मुरलेले आणि टाकीइतकेच कोमट. खाद्य मोजून, उरलेले लगेच काढायचे. हवे तर पाच लिटरला चमचाभर खडे मीठ आधी विरघळवून घालावे, आठ-दहा दिवसांपुरतेच. देशी बदामाचे वाळलेले पान धुऊन सोडले तरी चालते. पाणी चहासारखे होते, घाबरू नये, थायलंडमध्ये फायटर पाळणारे हेच पान वापरतात. घरातल्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून घालण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये. त्यात उपयोगी जिवाणूही मरतात. कूज शेपटीच्या मुळाशी, अंगापर्यंत पोचली किंवा माशाने खाणे सोडले, तर पशुवैद्यकाला विचारूनच औषध द्यावे.

दोन-तीन आठवड्यांत कडेला काचेसारखा पातळ, रंगहीन पापुद्रा दिसतो. अनेकजण त्यालाच पांढरी बुरशी समजून पुन्हा बाटली उघडतात. तो नवा पर असतो. रंग मागाहून भरतो, आणि कधी कधी जुना रंग येतच नाही. गल्लीतल्या त्या निळ्या फायटरला आता लाल किनार आली आहे.