‘स्टार ऑफ इंडिया’ : मानचिन्हे आणि त्यांमागील हेतू

जुन्या संस्थानिकांच्या तैलचित्रांत खांद्यावरून आलेला पांढऱ्या काठांचा फिकट निळा पट्टा आणि छातीवर पाच टोकांचा तारा पुष्कळदा दिसतो. चित्राखालील नावापुढे ‘जी. सी. एस. आय.’ अशी अक्षरे असतात. रावसाहेब, रावबहादूर हे किताब खेडोपाडी परिचित होते. ही अक्षरे मात्र त्यांहून निराळ्या आणि वरच्या दर्जाच्या सन्मानाची होत. ‘ऑर्डर’ म्हणजे राजाने स्थापन केलेला व राजालाच प्रमुख मानणारा मानकऱ्यांचा संघ. त्यात प्रवेश मिळणे हा सन्मान होता, त्याचबरोबर ते एक बंधनही होते.

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचा कारभार संपुष्टात आला. १ नोव्हेंबर १८५८ रोजी लॉर्ड कॅनिंग यांनी अलाहाबाद येथे राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचून दाखविला. उठावाच्या काळात जे संस्थानिक इंग्रजांच्या बाजूस राहिले, त्यांना आपल्याशी कायमचे जोडून घेणे नव्या राजवटीस आवश्यक वाटले. त्यासाठी १८६१ साली ‘स्टार ऑफ इंडिया’ची स्थापना झाली. प्रारंभी मानकऱ्यांची संख्या २५ ठरविण्यात आली होती.

पहिल्या यादीतील नावे बोलकी आहेत. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, इंदूरचे तुकोजीराव होळकर, बडोद्याचे खंडेराव गायकवाड, हैदराबादचे निजाम अफजलुद्दौला आणि भोपाळच्या सिकंदर बेगम यांचा तीत समावेश होता. अलाहाबाद येथील प्रदान समारंभासाठी १ नोव्हेंबर १८६१ हा दिवस निवडण्यात आला. जाहीरनाम्याचीच ही तारीख होती. १८६६ मध्ये या ऑर्डरचे तीन वर्ग करण्यात आले : नाइट ग्रँड कमांडर, नाइट कमांडर आणि कंपॅनियन. इंग्लंडमधील अनेक ऑर्डरांच्या वरिष्ठ पदनामात ‘क्रॉस’ हा शब्द येतो. येथील हिंदू व मुसलमान मानकऱ्यांस ख्रिस्ती धर्मचिन्ह रुचणार नाही, हे ओळखून त्याऐवजी ‘कमांडर’ हा शब्द योजण्यात आला.

मानचिन्हांच्या रचनेतही हाच विचार दिसतो. वरिष्ठ मानकऱ्याच्या सोन्याच्या कंठहारात भारतातील कमळे व ताडाच्या फांद्या होत्या, तसेच इंग्लंडचे गुलाबही होते. मध्यभागी राजमुकुट होता. पदकात गोमेद दगडावर राणीची प्रतिमा कोरलेली असे आणि भोवती ‘स्वर्गीय प्रकाश आमचा मार्गदर्शक’ या अर्थाचे इंग्रजी ब्रीदवाक्य असे. समारंभप्रसंगी पांढऱ्या रेशमी अस्तराचा फिकट निळा झगा परिधान करावा लागे.

सर्वांनी हे मुकाट्याने स्वीकारले असे नाही. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी रेसिडेंटमार्फत आक्षेप कळविले. आपल्या देशातील लोकांस परका पोशाख अंगावर घालणे आवडत नाही, आणि मनुष्याची प्रतिमा धारण करणे मुसलमानांच्या धर्मभावनेस मानवणारे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. झगा कोणाचा आणि प्रतिमा कोणाची, या प्रश्नांत सार्वभौम कोण हा प्रश्न दडलेला होता, हे त्या चतुर दिवाणाने जाणले होते.

पुढे १८७८ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ ही दुसरी ऑर्डर निघाली. तिची सी. आय. ई. ही पदवी विद्वान व लोकसेवक यांनाही मिळू लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना ती १८८७ मध्ये, तर गोपाळ कृष्ण गोखले यांना १९०४ मध्ये मिळाली. याच ऑर्डरची के. सी. आय. ई. ही वरची पदवी मात्र गोखले यांनी १९१४ मध्ये नाकारली. देणाऱ्याप्रमाणेच घेणाऱ्यालाही विवेक असतो, याचे हे उदाहरण होय.

स्वातंत्र्यानंतर या नेमणुका थांबल्या. ‘स्टार ऑफ इंडिया’चे अखेरचे मानकरी, अलवरचे महाराज तेजसिंह, २००९ साली निवर्तले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १८ नुसार लष्करी अथवा विद्याविषयक सन्मान वगळता राज्यास कोणताही किताब देता येत नाही, आणि नागरिकास परकीय राज्याकडून किताब स्वीकारता येत नाही. १९५४ पासून दिली जाणारी भारतरत्न व पद्म अलंकरणे हे किताब नव्हेत आणि ती नावामागे वा नावापुढे लावता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या डिसेंबरात दिला.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वस्तुसंग्रहालयात नेल्यास त्या निळ्या पट्ट्याचे सौंदर्य अवश्य दाखवावे. त्याबरोबरच तो कोणी, कोणास व कशासाठी दिला, हेही समजावून सांगावे. नागरिकाच्या कार्याचा गौरव करणे आणि किताबाद्वारे त्यास अंकित करून घेणे यांतील अंतर त्यांच्या मनावर ठसल्यास संविधानातील समतेचा अर्थ त्यांना अधिक स्पष्ट होईल.