भोक्याला क्रॉसिंग

रत्नागिरीहून मुंबईकडे निघालेली गाडी भोक्याला थांबली, तरी डब्यात कोणी दचकत नाही. ‘क्रॉसिंग असणार,’ म्हणत शेंगांची पुडी उघडते. पुढे उक्षीपर्यंत रूळ एकच, आणि वाटेत करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. दोन्ही गाड्यांचा प्रवास चालू आहे, पण त्या टप्प्यात एका वेळी एकच. संगणकवाले याला कॉन्करन्सी म्हणतात. दुहेरी रुळांवर दोन्ही एकाच क्षणी धावल्या असत्या, तर ते पॅरललिझम. रेल्वेची आठवण मलाच आली असंही नाही. दोन प्रोग्रॅम एकाच जागी घुसू नयेत म्हणून 1960च्या दशकात डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी युक्ती काढली, तिचं नावच ‘सेमाफोर’, म्हणजे रेल्वेचा हाताचा सिग्नल.

पण सिग्नल लागतोच कशाला?

हंगामात आंब्याच्या शेडमध्ये चौघं जण फळं निवडत बसतात. आंबा उचलायचा, वजन बघायचं, प्रत ठरवायची. 280 ग्रॅमचा हापूस कोणीही, केव्हाही तोलला तरी 280च. प्युअर फंक्शन ते हेच: हातात दिलं त्यावरून उत्तर द्यायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. चौघांच्या जागी चाळीस बसवा, कोणी कोणाला आडवं येत नाही.

आता भिंतीवर पाटी टांगा आणि भरलेली पेटी ज्यानं त्यानं मोजायला सांगा. पाटीवर 41. दोघं एकदम बघतात, मनात एक मिळवतात आणि दोघंही 42 लिहितात. एक पेटी गडप! गंमत म्हणजे गणित दोघांचंही बरोबर. सी, जावा यांसारख्या भाषांत हा दोष महिनोन्‌महिने दडून बसतो आणि ऐन गर्दीत डोकं वर काढतो. मग पाटीला कुलूप, कुलपापुढे रांग. पायथननं तर कैक वर्षं अख्ख्या शेडलाच एक कुलूप लावलं होतं. त्याशिवाय चालणारी आवृत्ती 2024 मध्ये आली, तीही प्रायोगिक म्हणून.

1990 साली आलेली हॅस्केल प्युअर भाषा. तिथं सगळं आपोआप समांतर चालतं, असं मात्र समजू नका. एकेक आंबा वाटत बसलं तर वाटण्यातच दिवस जाईल. करंडी केवढी भरायची, हे माणसालाच बघावं लागतं. आणि एकूण पेट्या कुठेतरी लिहाव्या लागतातच.

त्या पाटीसाठी टिम हॅरिस, सायमन पेटन जोन्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हॅस्केलमध्ये जी सोय मांडली, ती मला अजून जादूच वाटते. हिशोब ज्यानं त्यानं आपल्या कच्च्या वहीत करायचा. शेवटी बघायचं: पाटीवर अजून 41च आहे? मग त्याच दमात 42 लिहून मोकळं व्हायचं. आकडा बदलला असेल, तर कच्चं पान फाडून पुन्हा पहिल्यापासून. पान खुशाल फाडता येतं, कारण हिशोबाच्या मधेच बाहेरचा उद्योग करू पाहणारा प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. वाशीला निघालेला टेम्पो थोडाच परत बोलावता येतो? म्हणून हिशोब पक्का होईस्तोवर टेम्पोची किल्ली ड्रायव्हरच्या हातात पडतच नाही.