शर्यतीच्या चक्री एंजिनाची ठिणगी

मोटारगाडी पेट्रोलावर चालते, हें लहान मुलासही ठाऊक असतें; परंतु पेट्रोल नुसतें भरून भागत नाहीं, तें योग्य क्षणीं पेटवावें लागतें, ह्या गोष्टीकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस मोटारींच्या शर्यतींचें मोठें वेड असतें. अमक्या गाडीची शक्ति किती अश्व, तमकीचा वेग किती, हे आंकडे त्यांस मुखोद्गत असतात. त्या शक्तीच्या मुळाशीं असलेली ठिणगी कशी निवडावी, हा प्रश्न आम्ही ह्या लेखांत मांडणार आहों. आणि जेथें ठिणगीची परीक्षा अत्यंत कडक होते असें यंत्र त्यासाठीं घेतलें आहे. तें म्हणजे शर्यतीच्या गाडीचें वांकेल जातीचें चक्री एंजिन.

फेलिक्स वांकेल ह्या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवरून एन्. एस्. यू. कारखान्यांत असें पहिलें एंजिन १९५७ सालीं चाललें. पुढें जपानांतील माझदा कारखान्यानें १९६७ पासून तें आपल्या गाड्यांत बसविलें. नेहमींच्या एंजिनांत दट्ट्या वरखालीं होतो. येथें दट्ट्या नाहीं. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारख्या, कमरेशीं किंचित् आवळलेल्या पोकळींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजूंस तीन खोल्या होतात, व प्रत्येक खोली फिरतां फिरतां मिश्रण आंत घेते, दाबते, जाळते आणि धूर बाहेर टाकते. त्रिकोणाच्या टोकांवर बारीक पट्ट्या असतात. त्या एका खोलींतील वायु दुसरींत जाऊं देत नाहींत. रोटरची एक फेरी होते तों मधल्या दांड्याच्या तीन फेऱ्या होतात. अर्थात् दांड्याच्या दर फेरीस प्रत्येक रोटरामागें एक ज्वलन होतें. नेहमींच्या चार टप्प्यांच्या एंजिनांत एका दट्ट्यामागें दोन फेऱ्यांत एकच ज्वलन होतें.

आतां थोडें गणित करूं. दांडा मिनिटास ९,००० फेऱ्या करीत असेल, तर सेकंदास १५० फेऱ्या झाल्या. म्हणजे प्रत्येक प्लगास सेकंदास १५० ठिणग्या पाडावयाच्या. दोन ठिणग्यांमध्यें सवड किती? सेकंदाचा हजारावा भाग घेतला, तर असे पावणेसात भागही नाहींत. त्याच वेगानें दांडा एका सेकंदांत ५४,००० अंश फिरतो. तेव्हां सेकंदाच्या एका हजाराव्या भागांत तो ५४ अंश पुढें जातो. ठिणगी इतक्याच अवधीनें चुकली तर ती चुकली असें न म्हणतां, ती पडलीच नाहीं असें म्हणावें लागेल.

दुसरी अडचण जागेची. ह्या एंजिनांतील ज्वलनाची खोली लांबट, अरुंद व सरकती असते. ज्योत रोटराच्या गतीच्या दिशेनें सहज धांवते, पण उलट दिशेस तिला जातां येत नाहीं. म्हणून प्रत्येक रोटरास बहुधा दोन प्लग लावितात : एक पुढला व एक मागला. बहुतेक काम पुढला करितो. मागें राहिलेलें मिश्रण मागला पेटवितो. मागल्या प्लगाचें भोंक मुद्दाम लहान ठेवितात. कारण टोकाची पट्टी त्यावरून जातांना दोन्ही खोल्यांतील दाबांत मोठा फरक असतो व त्या भोंकांतून वायु निसटूं पाहतो.

तिसरी अडचण उष्णतेची. नेहमींच्या एंजिनांत ज्या जागीं ज्वलन होतें तेथेंच नंतर थंड मिश्रण येतें व प्लग निवतो. येथें मिश्रण एकीकडे येतें आणि ज्वलन दुसरीकडे होतें; प्लगाच्या वांट्यास सदाची भट्टी. म्हणून शर्यतींत उष्णता लवकर बाहेर टाकणारे ‘थंड’ प्लग घालावे लागतात. पण गाडी सावकाश चालतांना त्यांवर काजळी व तेल सांचतें, आणि ठिणगी पडण्याऐवजीं वीज त्या काजळींतून झिरपून जाते.

ह्या तिन्ही अडचणी ध्यानांत ठेवून ठिणगीची पद्धति निवडावयाची. मुख्य पद्धति दोन. पहिलींत कॉइलमध्यें प्रवाह सोडून शक्ति सांठवितात व प्रवाह तोडतांच ठिणगी पडते. हें नळाखालीं घागर भरण्यासारखें आहे. भरावयास वेळ हवा. घागर अर्धवट भरली कीं ठिणगी दुबळी. दोन रोटरांचे पुढले प्लग एकाच कॉइलवर ठेविले, तर भरण्याची सवड निम्मी होते. म्हणून शर्यतींत प्रत्येक प्लगास स्वतंत्र कॉइल देणें श्रेयस्कर. दुसऱ्या पद्धतींत शक्ति कंडेन्सरमध्यें सुमारें ४००–५०० व्होल्टांवर सांठवून क्षणार्धांत कॉइलमध्यें ओततात. हिचें नांव सीडीआय. अनेक मोटारसायकलींमुळें तें आपल्या मेस्त्रीमंडळींच्या तोंडींही असतें. हिची ठिणगी अल्पजीवी, पण तिचा दाब इतक्या त्वरेनें चढतो कीं काजळींतून वीज झिरपण्यास सवडच मिळत नाहीं. गळकी घागरही एकदम ओतल्यास क्षणभर भरते, तसेंच हें.

येथें पुष्कळजण एका आंकड्यास भुलतात. पेटीवर ‘४०,००० व्होल्ट’ छापलेलें पाहून तीच उत्तम असें ते समजतात. वस्तुतः प्लगाच्या फटींतून ठिणगी उडण्यास १५,००० व्होल्ट पुरत असतील, तर दाब तेवढाच चढतो. उरलेला आंकडा कागदावरच राहतो. मात्र टर्बोनें हवा कोंबून भरली कीं मिश्रण दाट होतें, व त्याच फटीस अधिक व्होल्ट लागतात. तेव्हां विचारावयाचें तें हें कीं, सर्वांत अधिक वेग व सर्वांत अधिक दाब ह्या दोहोंच्या एकत्र क्षणीं ही पद्धति पुरी पडेल काय? फट थोडी कमी करूनही पुष्कळ काम साधतें.

आमच्या मतें निवड अशी करावी. अल्पकाळ चालणारी, टर्बोचा फार दाब असलेली, अल्कोहोलासारख्या ओल्या इंधनाची गाडी असेल तर सीडीआय बरी. दीर्घ शर्यतीच्या गाडीस प्रत्येक प्लगावर एक दमदार कॉइल, मजबूत विजेचा पुरवठा व दांड्याचा अंश अचूक सांगणारें साधन, एवढें पुरे. भाग जितके कमी तितकी बिघाडाची भीति कमी. दोन्हींत एक गोष्ट समान : ठिणगी वेळेपूर्वीं पडली तर मिश्रणाचा स्फोट होऊन टोकाच्या पट्ट्या फुटतात, आणि एंजिन गेलें.

ह्या विचाराची कसोटी फ्रान्समधील ल मां येथें १९९१ च्या जून महिन्यांत लागली. चोवीस तासांच्या त्या शर्यतींत माझदाची ७८७ बी ही गाडी उतरली. तिला चार रोटर होते. इंधन मर्यादित मिळावयाचें, म्हणून तें काटकसरीनें जाळण्यास प्रत्येक रोटरास तिसरा प्लग दिला होता, एकूण बारा. सुमारें ७०० अश्वशक्तीच्या त्या गाडीनें ३६२ फेऱ्या मारून पहिला क्रमांक मिळविला. जपानी कारखान्यानें ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. शेवटची पाळी चालविणारा जॉनी हर्बर्ट इतका थकला होता कीं विजयाच्या चौथऱ्यावर तो उभाही राहूं शकला नाहीं. एंजिन मात्र अखेरपर्यंत आपलें काम करीत राहिलें.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. दिवे दहाहि जणींपाशीं होते. हांक आली तेव्हां तेल मात्र पांचजणींपाशींच निघालें. ठिणगीचेंही तसेंच आहे. पेटीवर काय छापलें आहे हें कोणी विचारीत नाहीं. हांक येते त्या क्षणीं आंत किती सांठलें आहे, एवढेंच पाहिलें जातें. परीक्षेस बसणाऱ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही हें ध्यानीं धरावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.