तारमास्तरांच्या कात्रणवह्या

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात पोर्थकर्नो हे लहानसे गाव आहे. जून १८७० मध्ये येथील समुद्रतार जिब्राल्टर, माल्टा, सुएझ व एडन या मार्गाने मुंबईशी जोडली गेली. मुंबई ते एडन हा पल्ला ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने घातला. लिव्हरपूलचा जो कापूसभाव टपालाने कळण्यास आठवडे लागत, तो मुंबईच्या पेढ्यांना काही तासांत मिळू लागला.

ही तार चालविणारे तरुण घरापासून दूर, बेटांवरील आणि वाळवंटाकाठच्या ठाण्यांवर वर्षानुवर्षे राहत. त्यांच्यापैकी काहींनी हौसेने कात्रणवह्या ठेवल्या. सहकाऱ्यांची छायाचित्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे, मेजवानीच्या पदार्थांची छापील यादी, यंत्राने शाईच्या नागमोडी रेघेत उमटविलेली संदेशाची कागदी पट्टी, असे बरेच काही त्यांत चिकटविलेले असे. कंपनीच्या खातेवहीत शब्दांची संख्या व आकार मिळतो; ते शब्द पाठविणारी माणसे या वह्यांत भेटतात.

पोर्थकर्नोचे ठाणे १९७० साली बंद झाले. आज तेथे तारायंत्राचे संग्रहालय आहे. भारतातील तारसेवाही जुलै २०१३ मध्ये थांबली. जुन्या पेढ्यांच्या माळ्यावर रोजमेळ व खतावण्यांच्या बासनांत भावाच्या तारा अद्यापही निघतात. दिवाळीच्या आवराआवरीत ते बासन रद्दीत घालण्यापूर्वी एकदा सोडून पाहावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक तारेमागे नाव, गाव व सन लिहून ठेवावे. सांगणारे आहेत तोवरच हे शक्य आहे.