नागीण : निद्रिस्त विषाणू जागा कसा होतो?

नागीण या विकाराचे रुग्ण आपल्या रुग्णालयात वर्षभर येत असतात. खेदाची बाब ही, की त्यांतील पुष्कळजण उशिरा येतात. अंगावर फोडांचा पट्टा उठला की प्रथम गेरूचा लेप आणि मंत्रोपचार होतात व मोलाचे दिवस निघून जातात. विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास त्याचा सर्वाधिक लाभ होतो. म्हणून या रोगामागील शास्त्र आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजावून घेऊन येथे सादर करीत आहोत.

नागीण बाहेरून येत नाही. बालपणी कांजिण्या देणारा विषाणू, जो हर्पिस कुळातील आहे, रोग बरा झाल्यावरही मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींत दडून राहतो व अनेक वर्षांनी तेथूनच उठतो. इंग्लंडमधील डॉ. होप-सिम्पसन यांनी १९६५ साली हा विचार सविस्तर मांडला. विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेकडे येत असल्याने पुरळ सहसा शरीराच्या एकाच बाजूस उठते. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की मनुष्य दगावतो, ही समजूत सर्वस्वी निराधार होय.

आता प्रश्न असा, की इतकी वर्षे हा विषाणू गप्प कसा बसतो? करवीर संस्थानातील मोडी कागद रुमालात बांधून ठेवलेले ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे चटकन उमजेल. कागद नष्ट झालेला नसतो. पण रुमाल सुटल्याखेरीज तो वाचता येत नाही. पेशीच्या केंद्रकात डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती असाच गुंडाळलेला असतो. त्या हिस्टोनांवर सूक्ष्म रासायनिक खुणा उमटतात. काही खुणा जनुके वाचू देतात, काही त्यांना कुलूप घालतात. चेतापेशीत शिरलेल्या विषाणूचा डीएनएही याच हिस्टोनांभोवती गुंडाळला जातो आणि त्याच्या वाढीस लागणाऱ्या जनुकांवर बंदीच्या खुणा बसतात.

यावरील बरेचसे संशोधन ओठांवर फोड आणणाऱ्या, त्याच कुळातील भाऊबंद विषाणूवर झाले आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील मोहनीश देशमुख (आडनाव वाचून आम्हांस कौतुक वाटले, हे नमूद करतो) व ॲना क्लिफ यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदराच्या चेतापेशींवर केलेले काम विशेष उद्बोधक आहे. चेतापेशीवर ताण आला असता बंदीची खूण आरंभी पुसली जात नाही. तिच्या लगत फॉस्फेटची दुसरी खूण उमटते आणि पहिलीचा अंमल तात्पुरता चालेनासा होतो. तेवढ्या फटीतून विषाणूची जनुके वाचली जाऊ लागतात. विषाणू पूर्णपणे जागा व्हावयाचा, तर पुढे बंदीची खूणही काढली जावी लागते, आणि हे काम पेशीचीच विकरे करतात. घरच्याच किल्लीने चोराने कुलूप उघडावे, तसा हा प्रकार!

ॲसायक्लोविर हे औषध विषाणूच्या डीएनएची नवी प्रत तयार होऊ देत नाही. अर्थात ते जाग्या विषाणूवरच चालते. निजलेल्यास ते स्पर्शही करीत नाही. घाई करावयाची ती याचसाठी. विलंब झाल्यास फोड सुकले तरी मज्जातंतूची आग महिनोन्महिने छळण्याचा धोका राहतो. कपाळावर अथवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील, तर डोळ्यास इजा संभवते. अशा रुग्णास त्याच दिवशी नेत्रविभागात दाखवावे.

वाढते वय, कर्करोगावरील औषधे व दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स यांमुळे प्रतिकारशक्ती उतरते व नागिणीचा संभव वाढतो. ५० वर्षांवरील व्यक्तींसाठी प्रतिबंधक लस २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे. तीत जिवंत विषाणू नसतो. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा घ्याव्या लागतात. किंमत मात्र सामान्य कुटुंबास परवडणारी नाही. गरजू ज्येष्ठांना ती सवलतीत देता यावी, यासाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.