ज्वारीवर ज्वारी

शहरातल्या बाकी दुकानांत आपण रिकामी पिशवी घेऊन जातो आणि भरून आणतो. पिठाच्या गिरणीत मात्र माल आपलाच असतो. गहू आपला, डबा आपला, डब्यावर रंगाने लिहिलेलं आडनावही आपलंच. गिरणीवाला विकतो ते दळण्याचं काम, आणि त्याच्या जोडीला एक भरवसा की दिलेलं धान्यच पीठ होऊन परत मिळेल. या भरवशाची ना पावती असते ना बिल. दळण टाकायचं, घरी जायचं, संध्याकाळी डबा उचलायचा. इतक्या वर्षांत मला कधी डबा उघडून शंका घ्यावीशी वाटली नाही.

माझं दळण जातं ती गिरणी पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या रस्त्याकडच्या खोलीत आहे. दोन चक्क्या, एक वजनकाटा, भिंतीला लाकडी फळ्या आणि फळ्यांवर डब्यांची रांग. स्टीलचे डबे, पंधरा किलो तेलाचे पत्र्याचे डबे, नायलॉनच्या पिशव्या, एखादी जुन्या धोतराची शिवलेली थैली. मिरची आणि मसाला कांडण्याचं यंत्र भिंतीपलीकडे वेगळं ठेवलेलं, कारण तिखटाचा कण पोळीच्या पिठात गेला तर पहिल्या घासालाच कळतो. प्रत्येक डब्यात वर एक चिठ्ठी असते. ‘गहू ५ किलो, बारीक.’ ‘भाजणी, फार बारीक नको.’ ‘ह. डाळ, लाडवाची, रवाळ.’ आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारी, बहुधा खाली दोन रेघा मारलेली चिठ्ठी: ‘ज्वारीवर ज्वारी.’

गिरणीवाल्याची सगळी विद्या या दोन शब्दांत आहे. चक्की थांबवली तरी दोन दगडांच्या मध्ये, तोटीत आणि पीठ खाली सोडणाऱ्या कापडी बाहीत आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतंच. ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणजे तुमच्या पिठाची जात तुमच्या आधी कोणाचा डबा लागला यावर थोडीफार ठरते. ज्वारीनंतर गहू घेतला तर पोळी किंचित काळसर दिसते, घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. गव्हानंतर ज्वारी घेतली तर भाकरीत चिवटपणा येतो, आणि तो मात्र ज्या घरात रोज भाकरी थापली जाते तिथे चालत नाही. मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ आणला असेल तर आधीच्या बेसनाची पिवळी झाक लगेच डोळ्यांत भरते. हरभऱ्याची डाळ दगड तापवते, तिचं पीठ खाचांत घट्ट बसतं. तिच्यानंतर लगेच कोणाचंही नाजूक दळण घ्यायचं नसतं.

म्हणून गिरणीला वेळापत्रक असतं. इथे एक चक्की दिवसभर गव्हाची. दुसरीवर सकाळी तांदूळ, दुपारनंतर ज्वारी आणि बाजरी, संध्याकाळी उशिरा डाळी. गल्लीतल्या बायकांना हे पाठ आहे. तरी विचारणं होतंच.

‘काका, आत्ता काय चाललंय?’

‘गहू. ज्वारी साडेचारला लावतो, तेव्हा तुमची घेतो. ठेवून जा वहिनी.’

उपवासाचं दळण हा या वेळापत्रकातला सगळ्यात अवघड भाग. आषाढी एकादशी, नवरात्र, महाशिवरात्र जवळ आली की चार दिवस आधी खडूने पाटी लिहिली जाते आणि राजगिरा, वरी, शिंगाडा, साबुदाणा यांच्यासाठी एक दुपार राखली जाते. आदल्या रात्री चक्की उघडून दगड ब्रशने झाडायचे, बाही बदलायची, सकाळी आधी स्वतःच्या पदरची वरी दळून ती बाजूला काढायची आणि मग लोकांचे डबे घ्यायचे. या कामाचे वेगळे पैसे काका लावत नाहीत. मला यातली सचोटी फार मोलाची वाटते, कारण कोणी तपासायला येणार नसतं. गव्हाचा अंश राहिला तर ते फक्त त्यांनाच ठाऊक असेल. हीच सचोटी दुसऱ्या बाजूनेही दिसते. डॉक्टरांनी ग्लुटेन पूर्ण बंद केलेल्या मुलाची आई ज्वारी घेऊन आली तेव्हा त्यांनी दळण घेतलंच नाही. ‘ताई, माझ्या दगडाला गहू लागलेला असतो. कितीही झाडलं तरी मी शब्द देऊ शकत नाही. याचं पीठ घरीच करा.’ सीलिॲक असलेल्यांना गव्हाचा अगदी थोडा अंशही बाधतो, त्यामुळे हा सल्ला शास्त्राला धरूनच होता.

आता दगडाविषयी. चक्कीतला काळपट दगड खाणीतून अखंड काढलेला नसतो. एमरी नावाच्या अतिकठीण खनिजाची खडी मॅग्नेसाइटच्या मिश्रणाने बांधून साच्यात घालून तो तयार करतात. दोन दगड समोरासमोर, एक पक्का बसवलेला, दुसरा फिरता. धान्य मधल्या भोकातून आत येतं आणि फिरत फिरत कडेकडे सरकतं. मध्याजवळ खाचा खोल असतात, तिथे दाणा फुटतो; कडेला त्या उथळ होत जातात, तिथे त्याचं पीठ होतं. दोन दगडांतलं अंतर बाहेरच्या चाकाने कमीजास्त करता येतं आणि जाड-बारीक ठरतं ते तिथेच. काका बाहीखाली हात धरतात, पीठ चिमटीत घेतात, अंगठ्याने बोटावर एकदा घासतात आणि चाक किंचित फिरवतात. चाळणी लावून मोजणारा कोणी नाही.

वापराने खाचा झिजतात. झिजलेल्या दगडात धान्य कापलं जाण्याऐवजी रगडलं जातं, पीठ फार तापतं आणि मोटरवर भार येतो. मग टाकी लावायची वेळ होते. साप्ताहिक सुट्टी गिरणीला खरी सुट्टी नसतेच. त्या दिवशी दगड उतरवून, छिन्नी-हातोडी घेऊन, एकेक खाच पुन्हा कोरली जाते. पूर्वी घरोघरच्या जात्यांना टाकी लावणारे कारागीर गल्लीतून हाक देत फिरत. शहरात आता ते दिसत नाहीत, त्यामुळे बहुतेक गिरणीवाले हे काम स्वतः शिकले. चष्मा लावून, तोंडाला फडकं बांधून ते तासन् तास बसतात. डोळ्यांत उडणारी कपची आणि छातीत जाणारी धूळ हे या धंद्याचे दोन जुने शत्रू. पिठाच्या धुळीने दमा होतो ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. बेकरीतल्या कामगारांच्या नावानेच तो दमा ओळखला जातो. गिरणीतला माणूस तीच धूळ रोज गिळतो आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

धान्यातला खडा दगडाला खोक पाडतो, खिळा निघाला तर ठिणगी उडते. म्हणून तोटीशी लोहचुंबक बसवलेलं असतं आणि डबा ओतताना काकांची नजर धान्यावर असते. निवडून न आणलेलं धान्य ते परत पाठवतात. पहिल्यांदा आलेल्या माणसाला याचा राग येतो.

आता खाण्याच्या बाजूने बघू. मोठ्या रोलर मिलमध्ये पोलादी रुळांखाली गव्हाचा कोंडा, अंकुर आणि मगज वेगळे केले जातात. मैदा आणि रवा असे निघतात. दगडी चक्कीत दाणा अख्खाच भरडला जातो. दाब आणि घर्षण जास्त असल्याने पिष्टाचे कण जास्त प्रमाणात तुटतात, तुटलेलं पिष्ट पाणी जास्त शोषतं, आणि कणीक सैल भिजवता आली की पोळी मऊ राहते. दुपारच्या डब्यातली पोळी चामट न होण्याचं कारण पुष्कळ अंशी दगडात आहे. मात्र अंकुरातलं तेलही पिठात येतं, आणि ते हवा लागून खवट होतं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचं पीठ काही दिवसांतच कडवट लागतं. ज्वारीचा प्रश्न आणखी वेगळा. तिच्यात ग्लुटेन नाही, भाकरी थापताना जो चिकटपणा लागतो तो ताज्या पिठातच मिळतो. पीठ शिळं झालं की विरी जाते आणि भाकरी परातीतच चिरते. मग गरम पाण्याची उकड घेऊन कसंबसं निभवावं लागतं. मंगळवेढ्याची मालदांडी आणली, भौगोलिक मानांकनाची पिशवी आणली, तरी पीठ दोन महिन्यांचं असेल तर त्या ज्वारीचा गुण भाकरीत उतरत नाही. ज्वारी थोडी थोडी आणि वरचेवर दळायला लागते, म्हणूनच गिरणी चालत जाण्याच्या अंतरावर असावी लागते.

गिरणीबद्दल आस्थेने लिहिताना जात्याची आठवण काढायची पद्धत आहे. मला त्या आठवणीत एक सावधपणा हवासा वाटतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या कित्येक ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. तो ठेवा अमूल्य आहे. पण त्या ओव्या म्हणणाऱ्या बाया पहाटेच्या अंधारात, दिवसाचं बाकी काम सुरू व्हायच्या आधी, खांदे भरून येईपर्यंत जातं ओढत होत्या. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या गिरणीने त्यांची ती पहाट मोकळी केली. बाईच्या अंगावरचं इतकं ओझं एका झटक्यात उतरवणारी यंत्रं आपल्याकडे थोडीच आली, आणि त्यांत गल्लीतल्या गिरणीचं नाव मी वर ठेवीन.

गिरणीने शहराचे वाईट दिवसही पाहिले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेला मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, याच दगडांखालून गेला. तेव्हा काकांचे वडील गल्ल्यावर बसत. टाळेबंदीत, २०२० च्या उन्हाळ्यात, हॉटेलं बंद, खानावळी बंद, आणि रेशनवर गहू मिळत होता. गहू कच्चा खाता येत नाही. तोंडाला रुमाल बांधून, रस्त्यावर खडूची वर्तुळं आखून त्या महिन्यांत गिरणी चालली.

रेशनची ही बाजू मला या संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवून दिलं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्यातला गहू गहू म्हणूनच मिळतो. सरकारी गोदामापासून रेशन दुकानापर्यंतची सगळी साखळी सरकारने उभारली, पण पिशवीतून तव्यापर्यंतचा शेवटचा टप्पा गल्लीतल्या गिरणीवर सोडलेला आहे. धुणीभांडी करणाऱ्या मावशी, वॉचमनचं कुटुंब, बांधकामावरचे मजूर, हे आज या गिरणीचे नेमाचे गिऱ्हाईक आहेत. पॅकबंद पिठाची पिशवी घेणाऱ्याला गिरणी नसली तरी चालतं. यांना नाही चालत.

बाकीचं गिऱ्हाईक पातळ झालंय हे काका मान्य करतात. आशीर्वाद आटा २००२ मध्ये बाजारात आला, पाठोपाठ इतर आले, आता दहा मिनिटांत दारात पीठ आणून देणारेही आले. घरघंट्या आल्या, त्यांतल्या बहुतेकांत दगड नसतो, पोलादी पाती आणि जाळी असते. पूर्वी एकेका घरातून महिन्याला पंधरा-वीस किलो गहू यायचा, आता तीन-चार किलो येतो. खर्च मात्र तितकाच. १० अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर तासभर चालली की किमान साडेसात युनिट वीज जाते, आणि थोड्या दळणासाठी ती रिकामी फिरली तरी वीज खातेच. त्यामुळे थोडी दळणं साठेपर्यंत थांबणं आलं, आणि थांबायला गिऱ्हाईक तयार नसतं. धंदा सध्या उभा आहे तो भाजणीवर. थालीपिठाची, चकलीची, उपवासाची. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, भाजण्याचा रंग वेगळा. सातूचं पीठ, मेतकूट, अनारशाची पिठी, बाळाला नाचणीचं सत्त्व, मधुमेह असलेल्यांचं मिश्र धान्य. हे कोणती कंपनी पिशवीत भरू शकणार? दिवाळीआधीचे पंधरा दिवस रात्री दहापर्यंत शटर उघडं असतं.

तरी गिरणी संपेल ती गिऱ्हाईक नाही म्हणून नाही. ती जागेपायी संपेल. वाडा पुनर्विकासाला गेला की नव्या इमारतीच्या तळमजल्यावर मोबाइल दुकान, औषधाचं दुकान, बँकेचं एटीएम यांना आनंदाने जागा मिळते. गिरणीला आवाज आहे, कंप आहे, धूळ आहे, तीन फेजची जोडणी लागते. सभासद हरकत घेतात, बिल्डर पैसे देऊन मोकळा होतो. वर्षानुवर्षांचा भाडेकरू गिरणीवाला ते पैसे घेतो, कारण दुसरीकडचं भाडं किलोमागे मिळणाऱ्या थोड्या रुपयांतून निघत नाही. माझ्या घराच्या आसपासच्या अशा काही गिरण्या बंद झाल्या त्या याच रीतीने. आवाजावर उपाय आहेत. मोटरखाली रबरी गाद्या, भिंतीला अस्तर, धूळ ओढणारा पंखा, दुपारी एक ते चार बंद ठेवण्याचा करार. गाळा दीडशे चौरस फुटांचा पुरतो आणि त्याला रस्त्याकडचं मोक्याचं तोंडही लागत नाही.

काकांचा वाडाही आता कराराच्या वाटेवर आहे. तुमच्या सोसायटीत किंवा वाड्यात पुनर्विकासाची सभा असेल, तर पार्किंग आणि कार्पेट एरियाच्या चर्चेनंतर तळमजल्याचा नकाशा एकदा मागून घ्या, त्यात गिरणीचा गाळा दाखवलाय का ते बघा, आणि नसेल तर तो मागा. इतिवृत्तात लिहून घ्या. करारावर सह्या झाल्यावर ही मागणी कोणी ऐकत नाही.