डिलीट मारण्याआधी, आणि मारून झाल्यावर

समजा, गावोगाव फिरून भरून आणलेल्या १,८०० प्रश्नावल्या तुम्ही पोस्टग्रेसमध्ये टाकल्यात. त्यातल्या चाचणीच्या १२ नोंदी काढायच्या आहेत. डिलीटची क्वेरी लिहिली, पण रन करताना फक्त वरची ओळ सिलेक्ट झाली. व्हेअरची ओळ खालीच राहिली. स्क्रीनवर उत्तर आलं : डिलीट १८००.

क्वेरीच्या आधी बिगिन लिहिलं असेल तर घाबरायचं कारण नाही. रोलबॅक म्हणा, सगळं जागेवर. नसेल, तर पोस्टग्रेस प्रत्येक क्वेरी आपली आपणच कमिट करून टाकतं, आणि रोलबॅकचा काही उपयोग नाही.

तरीही नोंदी त्याच क्षणी डिस्कवरून पुसल्या जात नाहीत. पोस्टग्रेस त्यांच्यावर फक्त 'मृत' अशी खूण करतं. साफसफाई नंतर ऑटोव्हॅक्यूम करतो, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये तो साधारण मिनिटामिनिटाला फेरी मारतो. म्हणजे वेळ फार थोडा आहे. 'काय उरलंय बघू' म्हणून सिलेक्ट चालवू नका. नुसत्या वाचण्यानेही एखाद्या पानावरच्या मृत नोंदी साफ होऊ शकतात. सर्व्हर बंद करा, अख्ख्या डेटा फोल्डरची प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. मृत नोंदी वाचणारी पीजी-डर्टीरीड नावाची एक जोड मिळते, पण व्हॅक्यूम होऊन गेला असेल तर तीही काही करू शकत नाही. एसक्यूलाइट वापरत असाल तर तिथेही पुसलेला मजकूर बऱ्याचदा फाइलमध्ये काही काळ पडून असतो. आधी फाइलची प्रत.

हे सगळं टाळायचा रस्ता कंटाळवाणा आहे, पण मला तोच पटतो. ज्या व्हेअरने डिलीट करणार, त्याच व्हेअरने आधी सिलेक्ट काउंट चालवा. १२ आले? मग बिगिन, डिलीट, आणि आकडा बघा. पुन्हा १२ असेल तरच कमिट. (बिगिन करून चहाला जाऊ नका, लॅबमधले बाकीचे लॉक सुटायची वाट बघत बसतील.) नलकडे खास लक्ष ठेवा. 'जिल्हा पुणे नाही' अशी अट घातलीत, तर ज्या नोंदीत जिल्हा भरलेलाच नाही ती त्यात येत नाही. म्हणून काउंट अपेक्षेपेक्षा एकाने जरी वेगळा आला, तरी थांबून कारण शोधा.

'बॅकअप आहे ना' म्हणणाऱ्यांनी गिटलॅबचं प्रकरण वाचावं. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरचं डेटा फोल्डर उडवलं. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर तो नव्हताच : सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि बॅकअपचं टूल ९.२ चं, त्यामुळे ते दर वेळी बंद पडत होतं. तशा इशाऱ्याच्या ईमेलही पोचत नव्हत्या. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, त्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या.

तेव्हा आजच एक रिकामा डेटाबेस तयार करा, तुमचा शेवटचा बॅकअप त्यात रिस्टोअर करा, आणि प्रत्येक टेबलचा काउंट मूळ डेटाबेसशी ताडून बघा. हजार-दोन हजार नोंदींना दहा मिनिटंही लागत नाहीत.